ऐकणाऱ्यांचा आवाज

नभोवाणीचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आरंभ बहुधा यंत्रापासून होतो. मार्कोनीचे नाव येते, मनोऱ्याची उंची येते, केंद्रांच्या उद्घाटनाच्या तारखा येतात. या इतिहासात बोलणारे असतात, बोलविते धनी असतात. ऐकणारे मात्र सहसा नसतात. अमुक लाख संच आणि अमुक कोटी श्रोते, एवढ्यावरच त्यांची बोळवण होते. वस्तुतः ऐकणारा उलट काही बोलू पाहतो, त्या क्षणापासून या माध्यमाचा समाजाशी खरा संबंध सुरू होतो. त्या उलट बोलण्याची सोय कोणी, केव्हा आणि कितपत केली, हा प्रश्न मनाशी धरून मागील शंभर वर्षांकडे पाहिले, तर दोन दूरदूरचे प्रदेश एका रेषेवर येतात. एक आपला पुणे, सातारा, कोल्हापूरचा मुलूख. आणि दुसरा दिल्लीला लागून असलेला गुडगाव जिल्हा, ज्याला २०१६ पासून गुरुग्राम असे नाव आहे.

गुडगावपासूनच आरंभ करू. १९२० साली फ्रँक लुगार्ड ब्रेन हे इंग्रज सनदी अधिकारी या जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर झाले. आपल्याकडील कलेक्टराच्या तोलाचे हे पद. जिल्हा त्या वेळी पंजाब प्रांतात होता. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडी, शेतकरी कर्जात बुडालेला. ब्रेनसाहेबांनी ग्रामसुधारणेचा ध्यास घेतला. खतासाठी खड्डे खणा, लोखंडी नांगर वापरा, घरांना खिडक्या ठेवा, मुलींना शाळेत घाला, दागिन्यांवर पैसा उधळू नका, देवी टोचून घ्या, असा उपदेश ते आणि त्यांच्या हाताखालची मंडळी गावोगाव करीत हिंडली. या उद्योगास ‘गुडगाव प्रयोग’ असे नाव पडले आणि त्याची कीर्ती परदेशातही गेली. ब्रेन यांनी त्यावर पुस्तके लिहिली. १९२८ साली त्यांची बदली झाली, आणि थोड्याच काळात प्रयोगाचा बहर ओसरला.

उपदेश वाईट होता असे मुळीच नाही. त्यातील बहुतेक गोष्टी पुढे स्वतंत्र भारताच्या विकासयोजनांनीही सांगितल्या. उणीव दुसरीकडे होती. गावाने काय करावे हे ठरविताना गावाला कोणी विचारले नव्हते. अधिकारी तळमळीचा होता. परंतु तळमळ त्याची होती, आणि म्हणून ती त्याच्या सामानासुमानाबरोबर पुढच्या मुक्कामी गेली. बोलणारा कितीही चांगला असला, तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही उरले नाही, तर बोलणे थांबताच सारे थांबते. पुढे नभोवाणीच्या क्षेत्रात जे जे प्रयोग झाले, त्यांना हाच धडा निरनिराळ्या रीतींनी शिकावा लागला.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पुण्यास आकाशवाणीचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, १९५६ च्या फेब्रुवारीत, या केंद्रावरून एक प्रयोग हाती घेण्यात आला, ज्याची गणना आजही जगातील संज्ञापनशास्त्राचे अभ्यासक करतात. युनेस्कोचे साह्य होते; आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा पुढाकार होता. कल्पना कॅनडातून आली होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे राष्ट्रीय पातळीवर चालू होती. मंडळी एका घरी जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले निष्कर्ष केंद्राकडे कळवीत. हीच पद्धत पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत आणावयाचे ठरले.

प्रत्येक गावी वीसेक जणांचे मंडळ स्थापन झाले. त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. शेती, आरोग्य, साक्षरता, सहकार असे विषय. कार्यक्रम संपला की संच बंद करावयाचा आणि मंडळींनी बोलावयाचे. पटले काय, पटले नाही ते काय, आपल्या गावी काय जमेल, काय जमणार नाही. राहिलेले प्रश्न पुण्यास पाठवावयाचे, आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत ऐकावयाची.

या साऱ्याची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली केली. पाहणी करणाऱ्यांनी एक हुशारी केली होती. मंडळे असलेल्या गावांबरोबरच त्यांनी दुसरी दोन प्रकारची गावे तुलनेसाठी घेतली : काही गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते; काहींत रेडिओही नव्हता. कार्यक्रमांपूर्वी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारण्यात आले. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली होती. उलट, नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नव्हता. १९५९ साली युनेस्कोने या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मला ही वाटते. चावडीवर नुसती पेटी ठेवून गाव शहाणे झाले नाही. पेटीभोवती बसून आपापसांत बोलणाऱ्या वीस माणसांमुळे ते झाले.

तरीही या प्रयोगाला एक मर्यादा होती. विषय पुण्यास ठरत. ध्वनिग्राहक पुण्यास होता. गावकऱ्याचा प्रश्न केंद्रापर्यंत जाई, पण त्याचा आवाज बहुधा गावच्या वेशीतच राही. १९५९ पासून श्रोतृमंडळांची ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या वाढली. परंतु सरकारी योजनेच्या अंगी जी एक सुस्ती येते ती येथेही आली. बिघडलेला संच कोणी दुरुस्त करावयाचा, पाठविलेल्या प्रश्नाचे उत्तर किती दिवसांत यावयाचे, या बारीक वाटणाऱ्या गोष्टींवर असे काम तगते अथवा मोडते. पुण्याच्या पट्ट्यात पाहिलेला उत्साह पुढे विरळ होत गेला. गुडगावात अधिकारी गेला आणि काम संपले. येथे अधिकारी होते, पण उत्तर येण्याची वाट लांबली. परिणाम फारसा निराळा नव्हता.

गावाचा आवाज गावातूनच निघावा, ही पुढची पायरी. तिच्या आड मात्र कायदा उभा होता. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने बिनतारी संदेशाचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता, आणि स्वातंत्र्यानंतरही तो तसाच राहिला. ही कोंडी फुटली ती एका क्रिकेटच्या स्पर्धेवरून. १९९३ साली कलकत्त्याच्या बंगाल क्रिकेट संघटनेने भरविलेल्या हिरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा हक्क कोणाचा, यावर वाद उद्भवला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली आणि न्यायदान करून दिल्लीस गेलेले हे महाराष्ट्रीय न्यायाधीश. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर सार्वजनिक हितासाठी झाला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. सरकारची मक्तेदारी जशी लोकशाहीस घातक, तशीच मूठभर धनिकांचीही, हा इशाराही त्यात होता.

तत्त्व मान्य झाले, पण व्यवहारात उतरावयास अकरा वर्षे लागली. मधल्या काळात खासगी एफ. एम. केंद्रांचे लिलाव झाले. शहरांत गाणी आणि जाहिराती वाजू लागल्या. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली, आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना ही वाट मोकळी झाली ती १६ नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने. अटी पुष्कळ होत्या. संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी. प्रक्षेपकाची शक्ती मर्यादित, म्हणजे आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूतच जाणार. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार झालेले असावेत. आणि केंद्राने स्वतःच्या बातम्या देऊ नयेत.

या धोरणानंतर जी पहिली केंद्रे उभी राहिली, त्यांतील एक आंध्रातील मेदक जिल्ह्यात, आता तेलंगणात असलेल्या पस्तापूरजवळचे. १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झालेले हे ‘संगम रेडिओ’ केंद्र दलित स्त्रियांच्या हाती होते, आणि त्याच्या उद्घाटनास न्यायमूर्ती सावंतच आले होते. निकाल देणाऱ्याने त्या निकालाचे फळ आपल्या डोळ्यांनी पाहावे, असे इतिहासात वारंवार घडत नाही. दोनच महिन्यांनी, १६ डिसेंबर २००८ रोजी, सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. माण हा तालुका दुष्काळाचा. चेतना गाला-सिन्हा यांनी तेथील स्त्रियांना घेऊन १९९७ साली बँक काढली होती. त्याच संस्थेचे हे केंद्र. १९५६ च्या प्रयोगातील उत्तर सातारा जिल्ह्याचाच हा भाग. अर्ध्या शतकापूर्वी याच टापूतील मंडळे पुण्याकडे कान लावून बसली होती; आता ध्वनिग्राहकच म्हसवडला आला, आणि ओव्या, गजनृत्यांची गाणी, भाजीबाजार आणि शेळ्यांचे रोग यांना तेथे जागा झाली.

म्हसवड काय किंवा पस्तापूर काय, ही गावे तरी होती. माणसे एकमेकांना ओळखत होती; एकमेकांच्या विहिरीचे पाणी किती खोल आहे हे जाणत होती. गुडगावात २००९ च्या नोव्हेंबरात ‘गुडगाव की आवाज’ हे केंद्र १०७.८ मेगाहर्ट्झवर बोलू लागले, तेव्हा तेथील प्रश्न फार निराळा होता. ‘द रिस्टोअरिंग फोर्स’ या सेवाभावी संस्थेने ते काढले. दिल्लीच्या परिसरातील सेवाभावी संस्थेने चालविलेल्या सामुदायिक केंद्रांपैकी ते पहिले. आरती जैमान या पत्रकार बाईंनी त्याचे संचालन केले. केंद्राचे ठिकाण उद्योग विहार या औद्योगिक वसाहतीला चिकटलेल्या मुल्लाहेडा गावात.

ब्रेन यांनी पाहिलेले गुडगाव आता ओळखू येत नव्हते. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली मोटार येथील कारखान्यातून बाहेर पडली. मागोमाग घरबांधणीच्या कंपन्या आल्या, कपड्यांचे कारखाने आले, परदेशी कचेऱ्या आल्या. २००१ साली सुमारे ८.७ लाख असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली १५.१ लाखांवर गेली. काचेच्या इमारतींच्या मधोमध जुनी गावे तशीच राहिली. शेते विकली गेली होती. गावकऱ्यांनी उरलेल्या जागेत खोल्यांच्या चाळी बांधल्या आणि त्या बिहार, उत्तर प्रदेश, बुंदेलखंड, उत्तराखंड येथून आलेल्या मजुरांना भाड्याने दिल्या. मालक हरियाणवी बोलतो, भाडेकरू भोजपुरी. पाण्यावरून, विजेवरून, भाड्यावरून दोघांचे खटके उडतात. शेजारच्या उंच इमारतीत राहणारा या दोघांनाही ओळखत नाही. अशा ठिकाणी ‘सामुदायिक’ या शब्दाचा अर्थ काय करावयाचा? समुदाय कोणता?

या केंद्राने त्या प्रश्नाचे उत्तर व्याख्येने दिले नाही, कामाने दिले. दहा किलोमीटरच्या टापूत ज्याचे घर, खोली किंवा कारखाना आहे तो आपला, एवढी साधी कसोटी त्याने धरली. हरियाणाची रागिणी तेथे वाजली. आपल्याकडे तमाशात जसे फड आणि शाहीर, तसे हरियाणात ‘सांग’ आणि त्यात गाइली जाणारी रागिणी. गावचे गायक, ज्यांना चित्रपटगीतांच्या गोंगाटात कोणी विचारीत नव्हते, ते ध्वनिग्राहकासमोर बसले. त्याच केंद्रावर परप्रांतांतून आलेल्यांची लोकगीतेही वाजली, आणि कार्यक्रम करणाऱ्यांत त्या मजूरवस्तीतील तरुण-तरुणी होत्या. ‘चाहत चौक’ नावाच्या मालिकेने स्त्रीपुरुषसंबंध आणि प्रजननाचे आरोग्य हे चारचौघांत न उच्चारले जाणारे विषय घेतले, आणि लोकांनी दूरध्वनी करून आपल्या शंका विचारल्या. घरमालकाने भाडेकरूच्या गावचे गाणे ऐकावे आणि भाडेकरूने घरमालकाची रागिणी ऐकावी, ही गोष्ट दिसावयास लहान. परंतु ज्या दोन माणसांचा संबंध महिन्याच्या भाड्यापुरता आहे, त्यांना एकमेकांविषयी भाड्यापलीकडचे काही कळण्याची दुसरी जागा त्या शहरात फारशी नव्हती.

या मेहनतीची परीक्षा २०२० साली झाली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली. कारखाने बंद, गाड्या बंद, आणि मजुरांचे तांडे पायी गावाकडे निघाले. गुडगावसारख्या शहरात सर्वांत मोठी टंचाई धान्याइतकीच खात्रीच्या माहितीची होती. शिधा कोठे मिळतो, गाडी खरोखर सुटणार आहे का, आजार कसा पसरतो, यांतील प्रत्येक गोष्टीविषयी अफवा होत्या. त्या दिवसांत देशातील अनेक सामुदायिक केंद्रांप्रमाणे याही केंद्राने खात्रीची माहिती पुरविण्याचे आणि अडलेल्यास मदतीशी जोडून देण्याचे काम केले. अनोळखी आवाजावर अशा वेळी कोणी विश्वास ठेवीत नाही. जो आवाज दहा वर्षे आपला म्हणून ऐकला, त्याच्यावर ठेवतात.

गुडगावच्या दक्षिणेस मेवात आहे. ब्रेन यांच्या काळी तो गुडगाव जिल्ह्याचाच भाग होता. २००५ साली तो वेगळा झाला, आता त्याला नूह म्हणतात. तेथेही २०१० साली ‘रेडिओ मेवात’ आणि २०१२ साली ‘अल्फाज़-ए-मेवात’ अशी दोन केंद्रे सुरू झाली. ज्या मुलखास एकेकाळी साहेब शिकवीत होता, तो आता आपसांत बोलू लागला.

हे चित्र समाधानाचे असले तरी ते पुरे नाही. अशा केंद्राचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आजतागायत सुटलेला नाही. मनोरा एकदा उभारला की उभा राहतो. वीज, भाडे आणि कार्यकर्त्यांचे मानधन मात्र दर महिन्यास लागते. २००६ च्या नियमाने तासाला पाच मिनिटे जाहिराती चालत. ती मर्यादा वाढत वाढत २०२४ साली बारा मिनिटांवर आली. पण दहा किलोमीटरच्या टापूतील मजुरांसाठी जाहिरात देणार कोण? उरतात ते सरकारी खात्यांचे संदेश आणि देणगीदारांचे प्रकल्प. २०१२ साली लहरींच्या वापराचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० रुपयांवर नेण्यात आले, तेव्हा अनेक केंद्रांपुढे बंद पडण्याचेच भय उभे राहिले, आणि त्यांना एकजुटीने विरोध करावा लागला. पैसा जेथून येतो तेथील विषय हळूहळू कार्यक्रमांत शिरतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. देणगीदाराला क्षयरोग हवा असेल तर क्षयरोग. पुढच्या वर्षी पोषण हवे असेल तर पोषण. विषय चांगलेच असतात. ब्रेनसाहेबांचेही चांगलेच होते.

बातम्यांवरील बंदी ही दुसरी अडचण. हवामान, वाहतूक, पाणी, वीज यांची माहिती देता येते, आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी सहक्षेपित करता येतात. परंतु गल्लीत काय घडले हे त्या गल्लीच्या केंद्राने आपल्या शब्दांत बातमी म्हणून सांगू नये, असा दंडक आहे. लहरी सार्वजनिक आहेत असे १९९५ साली ठरले असले, तरी त्या सार्वजनिकपणाला अजून एवढे कुंपण आहे.

या दोन्ही अडचणींत केंद्राला तारणारी शक्ती एकच : त्याला आपले म्हणणारे लोक. बोलिव्हियातील कथिलाच्या खाणींत गेल्या शतकाच्या मध्यास मजुरांनी स्वतःची नभोवाणी केंद्रे काढली आणि आपल्या मजुरीतील वाटा देऊन ती चालविली. लष्करी राजवटींनी ती वारंवार बंद पाडली, आणि मजुरांनी ती पुनः उभारली. आपल्याकडे वर्गणीची रीत जुनी आहे. गणेशोत्सवास अकरा रुपये देणारा माणूस मांडवात येऊन दिव्यांची माळ नीट लागली आहे की नाही हे विचारतो, आणि तो विचारतो ते योग्यच. वर्गणीबरोबर विचारण्याचा अधिकार येतो. सामुदायिक केंद्राला लोकांनी द्यावयाचा आधार केवळ पैशाचा नसतो. कोणी आपली संध्याकाळ देतो, कोणी आजीची ओवी देते, कोणी दूरध्वनी करून ‘काल तुम्ही चुकीचे सांगितलेत’ असे बजावतो. हा शेवटचा आधार सर्वांत मोठा मानावा. ज्या केंद्राला कोणी चूक दाखवीत नाही, त्याचे ऐकणारे निघून गेलेले असतात.

आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रे आहेत आणि त्यांतील पुष्कळ आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या दीडशे गावांतील मंडळांनी सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिले की, पेटीपुढे बसणारी माणसे बोलू लागली तरच पेटीला अर्थ येतो. गुडगावसारख्या अनोळख्यांच्या शहरातही ते शक्य आहे, हे मुल्लाहेड्याच्या केंद्राने दाखवून दिले. तेव्हा आपल्या तालुक्यात असे केंद्र असेल, तर त्याचा क्रमांक लावून ऐकणे हे आपले अर्धे कर्तव्य झाले. उरलेले अर्धे म्हणजे एक दिवस तेथे जाऊन आपल्या गावची गोष्ट आपल्या तोंडाने सांगणे, आणि महिनाअखेरीस त्यांचे विजेचे बिल कसे भागते याचीही चौकशी करणे.